अर्धी दाढी आणि अमेरिकेची कुस्ती

नाशिक रोडला आमच्या कॉलनीबाहेर एकेकाळी कुस्ती खेळलेल्या एका काकांचं सलून होतं. घरोघरी केबल आली तेव्हा त्यांनीही आरशाच्या वर टीव्ही बसवला आणि त्यावर कायम अमेरिकेतली कुस्ती. माझ्या तोंडाला साबण, त्यामुळे त्यांचं मत ऐकावंच लागे.

"सगळं ठरलेलं असतं, साहेब. कोण पडणार, कसा पडणार. मला काय कळत नाय?"

त्यांचा डावा कान तालमीत चेपून पार गोळा झालेला होता. मी कशाला वाद घालतोय? पण सगळं ठरलेलंच, तर त्यांचा आवडता जुना पहिलवान हरला की ते दिवसभर घुम्यासारखे का बसत? आणि नव्या देखण्या पोराचं नाव निघालं की का भडकत?

"फटाके उडवत येतो. मातीला हात लावत नाय."

"अहो, तिथे माती कुठाय?"

"म्हणून काय झालं?"

मी पुन्हा मान मागे टाकली.

एका रविवारी दुपारी त्या पोरानं जुन्याला चीत केलं. माझी दाढी अर्धीच झालेली. पोरगा नाचला नाही. त्यानं वाकून म्हाताऱ्याला उठवलं आणि त्याचाच हात वर केला. काकांनी वस्तरा खाली ठेवला, चपला काढल्या आणि ते टीव्हीसमोर उभे राहिले. डोळे भरलेले.

मला काही उमगेना. "हेही ठरलेलंच असणार ना?"

"असणारच की," ते म्हणाले. "मी पडलो तेव्हा माझा हात वर करायचं कुणी ठरवलं नाय."