अक्काची स्कूटी आणि रावेरच्या ट्रॉल्या

रावेरला जायचं ठरलं ते अक्काच्या एका फोनमुळे. सुशीलाअक्का माझी मावसबहीण. रावेरजवळच्या खेड्यात त्यांची केळीची बाग आहे. गेल्या वर्षी दिवेलागणीला भाऊजींच्या भरलेल्या ट्रॉलीवर मागून एक मोटरसायकल आदळली. माणूस वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून भाऊजी केळी घेऊन निघाले की अक्का स्कूटीवर मागे निघते, इंडिकेटर लावून, ट्रॉली दिसावी म्हणून. "आणि तुझ्या मागे कोण असतं?" मी विचारलं. "देव," ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

आता एका सरकारी विमा कंपनीने रस्ता सुरक्षेसाठी पैसे दिले होते. त्यातून गावातल्या सगळ्या ट्रॉल्यांना चमकणाऱ्या पट्ट्या लागणार होत्या. "कार्यक्रम पाहाले ये," अक्का म्हणाली, "मंग माही ड्युटी सुटली!"

शनिवारी सकाळी सहाला नाशिक सोडलं. धुळ्यापर्यंत रस्ता झकास, फक्त फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. धुळ्याच्या अलीकडे ढाब्यावर नाश्त्यालाच शेवभाजी मागवली. मालक म्हणाला, "ताई, तिखट शे बरं का!" मी म्हटलं, आणा हो. पुढचा अर्धा तास मी पाणी पीत होते आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठलं. हिवाळ्यात जात असाल तर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. दीडशेत पोट भरतं आणि गाडी चालवायची इच्छा मरते, एवढाच तोटा.

भुसावळला फैजपूरचा रस्ता धरायचा. उजवीकडे लांबवर दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात आणि तापी ओलांडली की दोन्हीकडे केळीच केळी. रस्ता अरुंद, समोरून ट्रक, मागून ट्रक. इथे घाई करू नका.

चारला शाळेच्या मैदानात कार्यक्रम. ट्रॉल्या रिकाम्या आणि धुऊन आणायला सांगितल्या होत्या, लोकांनी पोळ्याच्या बैलांसारख्या सजवूनच आणल्या. विमा कंपनीच्या मॅडम जळगावहून आल्या होत्या. म्हणाल्या, "अपघात झाल्यावर भरपाई द्यायची ती आम्ही देतोच. पण होऊच नये म्हणून दिलेला पैसा मला जास्त आवडतो." टाळ्या पडल्या. प्रत्येक ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लाल-पांढऱ्या पट्ट्या लागल्या, फोटो निघाले. अक्काने स्कूटीची चावी सगळ्यांसमोर खुंटीला अडकवल्याचा अभिनय केला. तिला असं मोकळं हसताना मी वर्षभराने पाहत होते.

संध्याकाळी भाऊजी केळी भरून सावद्याच्या रस्त्याला गेले, पहिल्यांदाच एकटे. थोड्या वेळाने मी गाडी घेऊन सावद्याला निघाले, केळीचे वेफर्स आणायला. अंधारून आलं होतं. समोर नुसता काळोख, आणि एकदम काळोखाला चाकं फुटली. मी कचकन ब्रेक मारला. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि ट्रॉली यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल. समोर केळीची पानं लोंबत होती. भाऊजींचीच ट्रॉली.

मग डोक्यात उजेड पडला. घडांना ओरखडा पडला की भाव पडतो, म्हणून ट्रॉलीत आधी पानं अंथरतात आणि मागच्या फळीवरूनही बाहेर सोडतात. पट्ट्या त्या पानांखाली झाकून गेल्या होत्या. रिकाम्या ट्रॉल्यांवर पट्ट्या लावताना हे ना मॅडमना सुचलं, ना ज्यांचा जन्म पानं अंथरण्यात गेला त्या गावाला! भाऊजी खाली उतरले, मागे आले आणि पानं बाजूला सारून पट्टी पाहिली. मग म्हणाले, "तुह्या अक्काले सांगू नको."

मी सांगितलं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. अक्का उठली आणि स्कूटीत पेट्रोल किती आहे ते पाहून आली. मला भयंकर राग आला, कोणाचा ते कळेना.

सकाळी मॅडमना फोन लावला. त्या शेजारच्या गावाच्या कार्यक्रमालाच निघाल्या होत्या, वाट वाकडी करून आल्या. भाऊजींनी पुन्हा भरलेली ट्रॉली पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "आमच्या कागदात मागची फळी लिहिलीय," म्हणाल्या, "पण कागदाला पानं कुठे माहीत?" भाऊजी तोवर जुन्या खाटेची फळी घेऊन आले. तिला दोन लोखंडी आकडे ठोकले आणि म्हणाले, "पानं टाकून झाली का वरून हे लटकवू. भरल्यावर शेवटचं काम." मॅडमनी उरलेलं भेंडोळं काढलं आणि साडीचा पदर खोचून स्वतः पट्टी चिकटवत बसल्या. निघताना त्यांनी फळीचा फोटो आणि मापं घेतली. शेजारच्या गावात आधी अशी फळी, मग पट्टी.

संध्याकाळी भाऊजींनी मला मागून यायला सांगितलं. "दिसलं का हॉर्न मार." मी बऱ्याच लांबून हॉर्न मारला, मग उगाचच आणखी तीनदा.

नाशिकला परतून आठवडा झाला. आणलेले वेफर्स दोन दिवसांत संपले, दिव्यांशिवायच्या ट्रॉल्या मात्र आता मला सगळीकडे दिसतात. परवा दिवेलागणीला अक्काचा फोन आला. मी घाबरलेच. ही तिची रस्त्यावर असायची वेळ.

"स्कूटी थांबवून बोलतेयस ना?"

"नाही वं, घरी हाये. ते गेले एकटेच. म्हने, दिसते ना आता, तू कायले येते?"

"मग मजा आहे तुझी!"

"हो ना. चहा घेऊन बसली ओट्यावर," अक्का म्हणाली. मग जरा थांबून, "पन ट्रॅक्टरचा आवाज येयेपर्यंत तू बोलत राह्य."