ठाण्यातल्या बाकावरचे हवालदार

मी वकिलीची सनद घेतली तेव्हा आमचं संस्थान मध्यभारत राज्यात विलीन झालं होतं आणि नवी घटना लागू होऊन फार दिवस झाले नव्हते. ग्वाल्हेरात नवी विटी नवं राज्य चाललं होतं. इंदूरकडचे अंमलदार इकडे येत होते, इकडचे माळव्यात जात होते, आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. जुने वकील अजून कोर्टात ‘सरकारांच्या कृपेने’ अशी सुरुवात करत. मी त्यांना घटनेतले मूलभूत हक्क तोंडपाठ म्हणून दाखवत असे. बाररूममध्ये माझं नाव ‘हक्कवाले’ पडलं होतं, आणि ते कौतुकाने पडलेलं नव्हतं.

माझ्या सीनियरांची कचेरी गोरखी वाड्याजवळ होती. फौजदारी कामात त्यांचा हात धरणारा शहरात कुणी नव्हता. पण वळण सगळं दरबारी. न्याय मागायचा नसतो, हात जोडून पदरात पाडून घ्यायचा असतो, असं ते मला शिकवत. त्यांचे अशील सुटत आणि माझे मुद्दे ऐकून घेतले जात. तरीही मी बरोबर आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही.

एके दिवशी सकाळी एक बाई आल्या. मुलींच्या शाळेत शिकवायच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. घराणं फौजेबरोबर दक्षिणेतून आलेलं, वडील संस्थानच्या हत्यारखान्यात हवालदार. फौज मोडली तेव्हा हत्यारांची मोजदाद झाली आणि एक रायफल कमी भरली.

“दसरा झाला नि बाबांना ठाण्यात बोलावणं आलं,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून बिठवूनच ठेवलंय. मी दोन्ही वेळचा डबा घेऊन जाऊन राहिले. दिवाळीचा फराळसुद्धा तिथंच नेला. गल्लीतले आता तोंडावर म्हणू लागले, चोरी केली असेल, नाहीतर कोण ठेवतं इतके दिवस? वकीलसाहेब, बाबांनी जन्मात कुणाची काडी उचलली नाही हो.”

मला मात्र, खरं सांगायचं तर, आनंद झाला. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला हवं, असं घटना सांगते. इथे दसऱ्याची दिवाळी झाली होती. अशा केसची मी वाटच बघत होतो. मी लगेच कोट चढवला.

ठाण्यात गेलो तर कोठडी रिकामी. बाईंचे वडील, हवालदार, बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते. डोक्याला फेटा, मिशा विंचरलेल्या, शेजारी घडी घातलेली घोंगडी. समोर फाटक सताड उघडं, बाहेर टांगे चालले होते. मी थेट ठाणेदारांकडे गेलो आणि माझं भाषण सुरू केलं. इंदूरकडून नुकतेच आलेले ते गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“वकील साहब, मैंने तो इन्हें पकड़ा ही नहीं,” ते म्हणाले. “जब मैं आया तब से बैठे हैं। मैं तो समझा यहीं के चौकीदार हैं। ले जाइए ना, मेहरबानी होगी।”

मी बाहेर आलो. हवालदारांना म्हणालो, “चला, घरी चला.”

“हुकूम आला का?” त्यांनी उठत विचारलं.

हुकूम नाही म्हटल्यावर ते परत बसले. आधीच्या ठाणेदाराने त्यांना सांगितलं होतं, ‘साहब आते हैं, तब तक यहीं बैठिए।’ साहेब आले नाहीत आणि त्या ठाणेदाराची माळव्यात बदली झाली. जाण्याच्या गडबडीत उठायला सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं. पुढे कुणीच काही सांगितलं नाही, म्हणून हवालदार बसले होते.

मी त्यांना समजावलं की स्वतंत्र देशात कुणाला असं बसवता येत नाही. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “आपण म्हणता ते बरोबरच असेल. पण पहाऱ्यावरचा माणूस हुकमाशिवाय हलला तर त्याला भगोडा म्हणतात. आत्ता लोकांना नुसता संशय आहे. मी उठलो की तो खरा होतो. मुलीला त्या शाळेत तोंड दाखवायचंय.”

माझ्याबरोबर आलेली त्यांची मुलगी डबा उघडत होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सीनियरांना हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. मग पान लावत म्हणाले, “अरे, ज्याला बांधलेलंच नाही त्याला सोडवणार कसा? दोन ओळींचा अर्ज घे, ठाणेदाराला हात जोड, ‘रुखसत’, म्हणजे जायची परवानगी, एवढं लिहून आण. काम झालं.”

मी म्हणालो, जो माणूस मुळात कैदी नाही त्याच्यासाठी मी कुणाची मेहरबानी मागणार नाही.

“अति शहाणा त्याचा बैल रिकामा,” सीनियर म्हणाले, पण त्यांनी मला अडवलं नाही.

कोंडून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा, असा अर्ज हायकोर्टात करता येतो. तो मी केला. आयुष्यातला तो माझा पहिलाच. मसुदा इतक्या वेळा फाडला की टायपिस्ट माझं तोंड बघेनासा झाला. मुद्दा मला अजून पाठ आहे: जन्मभर हुकूम पाळलेल्या माणसाला अधिकाऱ्याने ‘बसा’ म्हणणं हीच कोठडी आहे, तिला कुलूप लागत नाही. आजही मला तो मुद्दा चांगलाच वाटतो.

तारखेला कोर्टाच्या हुकमाने शिपाई हवालदारांना घेऊन आला. कोर्टात जायचं म्हणून त्यांनी जुना फौजी कोट घातला होता, बिल्ले काढलेला. सरकारी वकिलांनी उत्तर वाचलं. यांना अटक नाही. यांच्यावर गुन्हा नाही. ती रायफल तर दुसऱ्या कोठारात मोजणीच्या वेळी केव्हाच सापडली होती, दिवाळीच्याही आधी. ते कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मागच्या बाकावर मुलीने पदर तोंडात धरला. तिला रडू आलं होतं. माझ्याही डोक्यात तिडीक गेली. एका माणसाची अब्रू रस्त्यावर मांडून ठेवली होती आणि ‘लक्षात आलं नाही’ हे त्याचं सगळं स्पष्टीकरण. मी तावातावाने उभा राहिलो. न्यायमूर्तींनी मला हाताने थांबवलं आणि हवालदारांना हिंदीत विचारलं, “आपको किसी ने रोका था?”

हवालदार सावधान उभे होते. “नहीं हुज़ूर.”

“दरवाज़ा बंद था?”

“नहीं हुज़ूर, खुला था.”

खोटं बोलणं त्यांना जमणारंच नव्हतं. मी कोठडीचा आणि कुलपाचा मुद्दा मांडला. न्यायमूर्तींनी तो पूर्ण ऐकला, थोडं हसलेही. मग म्हणाले, तरुण वकिलांचा युक्तिवाद रंजक आहे. परंतु ज्याला अडवलेलं नाही त्याला सोडण्याचा आदेश कोर्ट देऊ शकत नाही. अर्ज फेटाळला. हवालदारांकडे वळून ते सौम्यपणे म्हणाले, “आप तो पहले से आज़ाद हैं।”

हवालदारांनी लवून सलाम केला. आम्ही बाहेर आलो. मुलीने वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं. “बाबा, चोरीचा डाग गेला! रायफल मिळाली! चला आता घरी.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे त्यांचेही भरले होते. मग ते माझ्याकडे वळले.

“वकीलसाहेब, कोर्टाने हुकूम काय दिला?”

“हुकूम नाही दिला. द्यायची गरजच नाही म्हणाले. तुम्ही मोकळे आहात.”

“म्हणजे हुकूम नाही,” ते म्हणाले, आणि कोटाचं बटण लावून ठाण्याच्या रस्त्याला लागले.

मुलगी धावत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. “बाबा, असं काय करून राहिलात! आता तर कुणी काही म्हणणार नाही!” ते तिच्या बाजूने वाट काढायला बघत होते, तिला धक्का लागू नये अशा बेताने. ती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. रडायची थांबली होती. मी काहीतरी करावं, एवढंच त्या नजरेत होतं.

मी जाऊन हवालदारांच्या समोर उभा राहिलो.

“हवालदार,” मी म्हणालो, “ठाण्यात परत जायचं नाही. घरी जायचं.”

ते थांबले. टाचा जुळल्या. “हा हुकूम कुणाचा?”

घटनेचा, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

“माझा,” मी म्हणालो.

त्यांनी मला कडक सलाम ठोकला आणि मुलीचा हात धरून घराकडे वळले. माझ्या वयाच्या दुप्पट वयाचा तो माणूस मोकळा झाला होता, आणि मला मान वर करवत नव्हती.