पाठमोरी बाई

बाबांच्या पिंडाला कावळा शिवला नाही. दहाव्याला नांदेडच्या घाटावर आम्ही भर उन्हात ताटकळत उभे. हात जोडून सुचतील तेवढे शब्द दिले मी: आईला लातूरला माझ्याकडं नेतो, तुमची चित्रं जपतो. पलीकडच्या झाडावरचे कावळे ढिम्म हलले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

दारातच आईनं विचारलं, "शिवला का रे?"

नाही म्हणालो. ती मटकन खाली बसली. "काय राहिलं असंल त्यांचं?"

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचं शेवटचं चित्र भिंतीवर होतं. मामा त्याच्यापुढंच जाऊन उभे राहिले. सगळं काळपट तपकिरी. डोक्यावर पदर घेतलेली पाठमोरी बाई, मागं रिकामा पाट, आणि तिच्या पलीकडून येणारा मंद तांबूस उजेड.

"बाई म्हणजे जीव," मामा म्हणाले. "संसाराकडं पाठ केली. उजेड म्हणजे परमात्मा. दाजींना काशीला जायचं होतं, अजून काय!"

मामांचं म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला. काशीचं नाव काढणाऱ्यातले बाबा नव्हतेच. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, रिकामा पाट म्हणजे मरण, त्यांना ते आधीच कळलं होतं.

आई सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "कशाचा परमात्मा? चुलीचा जाळ हाय तो. आपलं मुदखेडचं घर हाय. अन् बाई मीच हाय."

मामा परत चित्राकडं वळले. आई बोलतच होती.

"कागद घेऊन मागं पाटावर बसायचे. म्हणायचे, जरा इकडं तोंड कर, तुझं चित्र काढतो. मी म्हणायची, भाकर करपंल, मागून बघू. लई येळा म्हणले. वाट बघून उठून जायचे." तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. "न्हाईच वळले मी."

तेरावं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी करपल्याचा वास आला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. गॅसवर तव्यातली भाकर काळी पडून धूर निघत होता. मी बंद करायला धावलो.

"करपू दे," आई म्हणाली. केस विंचरून, धुवट लुगडं नेसून ती गॅसकडं पाठ करून बसली होती. समोर रिकामा पाट मांडलेला. त्याच्याकडं तोंड करून ती म्हणाली, "हं. काढा आता."