झील धरणारी वस्ती

बेडकांपाशी आली की बायबलबाईला हसू फुटायचं. देवाचं गाणं गाताना हसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. बाजाराच्या दिवशी ती घाटंजीच्या मिशनमधून आमच्या वस्तीत यायची, लिंबाखाली बसायची आणि इब्री, म्हणजे ज्यू लोकांच्या स्तोत्रांतले चमत्कार आपल्या ओवीत गायची. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या परातीत बेडूक, शेतावर टोळ, गारा. मग दुभंगलेला समुद्र आणि त्यातून कोरड्या पायांनी निघालेले इब्री गुलाम. प्रत्येक ओळीनंतर हात उचलायची, "झील धरा!" की सगळी वस्ती पालुपद म्हणायची, "आटली नाही रे, माया आटली नाही."

आम्ही नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती. देव्हारे रिकामे केले होते. मी पत्रकं वाटत फिरायचो. तिला तोंडावर सांगितलं, "मावशी, समुद्र फाटत नसतो. थोतांड आहे सगळं."

"नसन फाटला. पन गुलाम तं निंगाले ना, बापू? तू बी निंगाला."

"मी माझ्या पायांनी निघालो!"

"मंग झील बी तुयाच तोंडानं धर. लाजतं काहून?"

वस्तीतल्या एकानेही तिचा धर्म घेतला नाही. ती रागावली नाही; रागावले मिशनवाले. नव्या पाद्र्याने फर्मान काढलं : देशी चाली बंद, पेटीवर पुस्तकातलीच गाणी. तिला अक्षर येत नव्हतं. आयुष्यभर गाणाऱ्या बाईला यांनी देवळात मुकी बसवली! "पुस्तकातले बेंडूक उड्या नाई मारत," एवढंच ती म्हणाली. मग एकदा म्हणाली, "मले मातीत देसान तवा तुमी झील धरजा." मी शब्द दिला. चमत्कार मानणार नाही, झील धरीन.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. कब्रस्तानाच्या फाटकातच पाद्र्याने हात आडवा केला. "बाप्तिस्मा नसलेल्यांनी इथे गायचं नाही."

"तिची इच्छा आहे."

"ख्रिस्ती मंडळीचा नियम आहे."

मी भांडलो. उपयोग झाला नाही. त्याने पुस्तकातून वाचलं, बेडूक गाळले. आम्ही भिंतीबाहेरून झील धरली, तर त्याने वाचण्याचा वेग वाढवला.

परत येऊन बाया लिंबाखाली बसल्या. म्हटलं, इथे तरी नीट गाऊ. एकीने सुरुवात केली, "आटली नाही रे..." सगळ्यांनी साथ दिली. मग थांबल्या. मधल्या ओळी कोणालाच येत नव्हत्या. त्या ती एकटीच गायची.