आज अर्धं, उद्या पुरतं

गोदीत तिला सगळे वहिनीच म्हणत. वहिनीने आवळलेला नट सुटायचा नाही, असं कौतुकाने सांगत, आणि ती पाना ठेवून तिथून निघून जायची.

त्याचं असं, की होडीच्या डेकवर दोर अडकवायचा खुंटा बसवताना खाली चिकट मसाला भरतात आणि नट आज अर्धाच आवळतात. मसाला धरला की उद्या पुरता. एका दमात आवळला तर मसाला बाहेर आणि पाणी आत. इतकी साधी गोष्ट, पण डोकं फिरलेल्या माणसाला कोण सांगणार?

तेरा वर्षांपूर्वी दिराने असाच खुंटा अर्धा आवळून ठेवला होता. त्याच दुपारी त्याचं आणि वहिनीचं कडाक्याचं भांडण झालं. वहिनी तणतणत होडीवर गेली आणि नट कचकचून आवळून आली. दोन वर्षं लाकडात पाणी मुरलं. मग वादळात दोर ताणला, खुंटा उपटून निघाला आणि नवऱ्याचा डोळा फोडून गेला. खुंट्याचं काम दिराचं, म्हणून नवऱ्याने डोळ्याची पट्टी सुटायच्या आत धाकट्या भावाचा उजवा हात हातोड्याने चेचला. उपटून आलेल्या नटाखाली मसाला उरला नव्हता, ते पाहून तो कोणी आवळला हे दिराला कळलं होतं. तरी तो बोलला नाही. ही बाईसुद्धा दातखीळ बसल्यासारखी उभी.

आज तीच होडी दुरुस्तीला आली. त्याच जागी नंतर बसवलेला खुंटा काढला, तर तेव्हाच्या मुरलेल्या पाण्याने खालचं लाकूड भिजलेल्या पावासारखं. नवरा घरी बसलेल्या भावाला आईवरून शिव्या घालू लागला. आई दोघांची एकच, हेही भान नाही. वहिनीला ते सोसवेना.

"तेव्हाचा तो नट मी आवळला होता," ती म्हणाली.

त्याने हातोडा उगारला. ती हलली नाही. घाव तिच्या शेजारी बसला आणि कुजक्या लाकडात दांड्यापर्यंत रुतला.

"मग तो बोलला का नाही?"

"बोलला असता तर हात माझा गेला असता."

हातोडा उपसून नवरा तडक भावाच्या घरी गेला. ती मागून धावली. हिने सांगितलं सगळं, एवढंच तो भावाला म्हणाला. हातोडा भावाच्या धड असलेल्या डाव्या हातात दिला आणि उंबऱ्यावर आपला पंजा पसरला.

दिराने हाणला. दोन बोटं मोडली. नवरा गुडघ्यांवर आला, पण पंजा काढला नाही.

"आज अर्धंच," दीर म्हणाला. "उरलेलं उद्या, वहिनी. तुमच्या हाताचं."

उद्यापर्यंत थांबणं वहिनीला कधी जमलं होतं? ती खाली बसली आणि नवऱ्याच्या पंजाशेजारी तिने आपला हात ठेवला.