मिरच्या तोडणारा हात

अर्पिताले भेकड म्हणणारे लय भेटले. म्हणू द्या. माह्यासमोर म्हणलं तं मी ऐकून घेणार नाई, मंग तो डॉक्टर असो का कोणी असो. मी पंचफुला. दवाखान्यात कॅन्सरच्या वार्डात मावशी आहो. चादरी बदलणं, पाणी देणं, कोणाले उलटी झाली तं भांडं धरणं, हे माहं काम. त्या पोट्टीले पह्यल्या दिवसापासून मीच पाह्यलं.

दुसरबीडची पोरगी. बाप हिंमतराव, रोडवर त्याचं चहा-भज्याचं दुकान. नर्सिंग शिकली अन् आधी जळगाव जामोदले बाळंतपणाच्या दवाखान्यात होती. तिथं लोकं रडत येतात अन् पेढे वाटत जातात. आमच्याकडे कोण वाटते पेढे? इथं आली तसा तिच्या जिवाले घोर लागला. सकाळी आली का आधी बाथरूममंधी जाऊन उलटी करे, तोंड धुवे, मंग कामाले लागे. डबा जसा आणला तसाच परत नेई. वार्डात कुजबुज सुरू झाली, बिनलग्नाची पोरगी रोज काऊन ओकून राह्यली म्हणून. ज्या बाईनं ते सुरू केलं तिले मी असं झापलं का ती महिनाभर माह्याशी बोलली नाई. बरंच झालं.

भेव होतं ते लाल औषधाचं. आमच्याकडे एक औषध सरबतावानी लालभडक राह्यते. सिस्टरले ते स्वतःच्या हातानं, सिरिंजनं, धीरे धीरे शिरेत ढकला लागते. शिरेत गेलं तं गाठीले मारते. पण सुई जराशी सरकली अन् ते शिरेच्या बाहेर गेलं तं तिथलं मांस भाजून काढते, हात कामातून जाऊ शकते. ट्रेनिंगमंधी अर्पिताले अशा हातांचे फोटो दाखवले होते. ते फोटो काही तिच्या डोळ्यासमोरून हटेनात. पेशंटले "आग होते का?" म्हणून सारखी विचारे. आमच्या इन्चार्ज सुलभा सिस्टर मनाच्या चांगल्या, पण जिभेले हाड नाई. म्हणत, इतकं विचारशील तं पेशंट सुई घेऊनच पळून जाईन. अर्पितानं मले सांगून ठेवलं होतं का एखाद्याचा हात माह्यापायी गेला तं त्याच दिवशी नोकरी सोडीन अन् बापाच्या दुकानात भजे तळत बशीन. मस्करी नोती ते.

सोनाळ्याची गोजरबाई छातीतल्या गाठीसाठी आमच्याकडे येई. घरचं वावर, मिरच्या-वांग्यांचं. मिरच्या तोडू तोडू हात राठ झालेले. पह्यले दोन डोस सुलभा सिस्टरनं दिले. तिसऱ्याले त्यांनी सिरिंज अर्पिताच्या हातात दिली, जराशा उभ्या राह्यल्या अन् दुसऱ्या पेशंटनं हाक मारली तशा तिकडे गेल्या.

पोट्टीचा हात थरथरून राह्यला होता. गोजरबाईनं ते पाह्यलं. आपला दुसरा हात तिच्या दंडावर ठेवला अन् म्हणे, भेऊ नको माय, माहा हात काही फुलाचा नाई.

अर्पितानं थोडं ढकललं, थांबली, सिरिंजमंधी रक्त मागे येते का पाह्यलं. आलं, म्हणजे सुई शिरेतच होती. आग होते का म्हणून विचारलं. नाई. आणखी थोडं ढकललं, पुन्हा विचारलं. नाई. तिसऱ्यांदा विचारलं तं गोजरबाई हसली. मीबी टोमणा मारला, का सिस्टर, रेडिओवरबी मधात दुसरं गाणं लावतात.

अर्पितानं माह्याकडे पाह्यलंच नाई. तिचं ध्यान गोजरबाईच्या पायाकडे गेलं होतं. पायाचे अंगठे गच्च आवळलेले. वर पाह्यलं तं पदराचं टोक दातात. नाई नाई म्हणणारी बाई पदर कायले चावून राह्यली? तिनं ढकलणं बंद केलं. सुईच्या वरच्या अंगाले हरभऱ्याएवढी सूज आली होती.

तिचं तोंड पांढरंफट पडलं. पण हात, मले आजबी नवल वाटते, त्या टायमाले थरथरले नाई. सुई तशीच ठेवली, आत गेलेलं जेवढं येते तेवढं सिरिंजनं उलटं ओढून घेतलं, सुलभा सिस्टरले हाक मारली अन् मले बर्फ आणाले पिटाळलं. डॉक्टर आले. म्हणे, थोडंच गेलेलं दिसते, पण वाट पाहा लागन. कातडी काळी पडते का नाई ते मंगच समजन.

सगळे गेल्यावर अर्पितानं विचारलं, "काकू, तुम्ही सांगतलं काऊन नाई?"

गोजरबाई लाजली. "मिरच्या तोडल्या का अशीच आग होते माय. अन् तू येवढी भेलेली. हाव म्हणलं असतं तं तू तं मरूनच गेली असती."

अर्पिता तिथंच स्टुलावर बसली. इतके दिवस तिले वाटे का आपलं भेव आपल्याच पोटात हाये, आपण ओकतो अन् आपणच निस्तरतो. त्या बाईनं ते पाह्यलं होतं, अन् या पोरीले सांभाळाले स्वतःचा हात जळू देला होता. मी बर्फ बदलला.

मंगचे दिवस कसे गेले ते इचारू नका. गोजरबाईची सून मनाली रोज फोनवर हाताचा फोटो पाठवे. अर्पिता तो मोठा करून करून पाहे अन् मले दाखवे. मावशी, हे लाल हाये का काळं? लाल हाये वो, मी म्हणो. पण मलेबी नीट दिसे नाई, खोटं काऊन बोलू. दुसरबीडले फोन करून तिनं बापाले सांगूनबी ठेवलं का मी कदाचित परत येईन.

पुढच्या डोसले गोजरबाई आली ते हात वर करूनच. मूठ वळून दाखवली, बोटं मोकळी करून दाखवली. एक तांबूस डाग राह्यला होता. तेवढ्यावर निभावलं.

सुलभा सिस्टरनं या टायमाले टोमणा नाई मारला. तू देते का मी देऊ, येवढंच विचारलं. अर्पितानं औषधाचा ट्रे आपल्याकडे ओढला. मंग गोजरबाईजवळ गेली अन् तिचा दुसरा हात हातात घेतला.

"काकू, भेव मले आजबी वाटून राह्यलं. पण ते माहं हाये. तुम्ही त्याची फिकर करू नका. मले फकत खरं सांगा."

गोजरबाईनं मान हलवली. सुई लागली, सलाईन सुरू झाली, लाल औषध जराकसं आत गेलं. आग होते का, अर्पितानं विचारलं. गोजरबाईनं सवयीनं डोळे वर केले, पोरीच्या तोंडाकडे.

"माह्या तोंडाकडे नका पाहू," अर्पिता म्हणे. "हाताकडे पाहा."

गोजरबाईनं मान खाली घातली. आपल्या हाताकडे पाहत राह्यली. असं कोणी तिले आजवर सांगतलं नसन.

"हाव," ती म्हणे. "जराशी होते."

अर्पिता तिथंच थांबली. रक्त मागे येते का पाह्यलं, बोटानं चाचपलं, सुलभा सिस्टरले बलावलं. सूज नोती, सुई जागेवर होती. औषध पातळ होऊन पुढे सरकावं म्हणून सिस्टरनं सलाईन जरा जोरात सोडली अन् थांबाले लावलं. मंग अर्पितानं पुन्हा विचारलं.

"आता नाई," गोजरबाई म्हणे. ती हाताकडेच पाहून राह्यली होती.

सकाळी अर्पिता अजूनबी ओकूनच कामाले लागते. पण त्या दिवशी तिनं ते 'नाई' खरं मानलं, अन् उरलेलं औषध ढकललं.