जिवंत माणसाची दाढी

आजारी माणसाची रोज दाढी कशाला करायची, असं कुणी म्हणालं की मी आजही भांडायला उठतो. एवढ्याशा गोष्टीवरून एवढं काय, असं समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं. दिसू दे. ती एवढीशी गोष्ट नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एसटीत कंडक्टर होते. सोयगावच्या मुक्कामी गाडीवर ड्यूटी असली की पहाटे गाडीच्याच आरशात बघून दाढी करायचे. ड्रायव्हर त्यांना चिडवायचा, "मास्तर, त्या आरशात मागचं दिसतं, पुढचं नाय." अण्णा गालाला साबण लावता लावता म्हणायचे, "माझ्या पुढं काय हाय ते मला ठाऊक हाय."

आमच्याकडं घरात मयत झाली की पुरुष दहा दिवस दाढी करत नाहीत. त्यामुळं वाढलेल्या दाढीचा माणूस दिसला की लोक आधी विचारतात, कोण गेलं? अण्णांना तो प्रश्न खपत नसे. घरात सगळे धडधाकट असताना सुतकी तोंड घेऊन कशाला फिरायचं, असं ते म्हणायचे.

निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. शब्द घोळून यायचे, पण कळायचे. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी पहिली मागणी केली ती दाढीच्या सामानाची. डाव्या हातानं जमेना. न्हाव्याला बोलावतो म्हटलं तर मान हलवून नाही म्हणाले. वाकडं झालेलं तोंड त्यांना परक्याच्या हातात द्यायचं नव्हतं. मग ते काम माझ्याकडं आलं.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला होतो. कंपनीची बस नाक्यावर येण्याआधी त्यांचं सगळं आवरावं लागे. माझ्या हातात घाई असायची, आणि खरं सांगायचं तर रागही असायचा. त्यांच्यावर नव्हे, पण पातं त्यांच्याच गालावर फिरत होतं. साबण नीट भिजू द्यायचो नाही. एकच पातं पंधरवडा वापरायचो. गाल गुळगुळीत लागला पाहिजे हा त्यांचा हट्ट, म्हणून केसांच्या उलट दिशेनं दाबून हात मारायचो आणि वर ओली तुरटी घासायचो. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी यायचं. विचारलं तर म्हणायचे, "चालू दे."

उन्हाळा लागला तसा त्यांचा गळा आणि जबड्याची कड लाल झाली. आधी पुरळ, मग पाणीदार फोड. रात्री झोपेत ते डाव्या हातानं खाजवायचे आणि उशीला रक्त लागायचं. बायको म्हणाली, "तुम्ही दाढी करता का भांडी घासता?" तिचं बोलणं मला लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

कातडीच्या डॉक्टरनं अण्णांची हनुवटी वर करून उजेडात पाहिली. म्हणाला, "फोड पूर्ण बसेपर्यंत पातं बंद. गार पाण्याचं फडकं घडी करून ठेवा, सकाळ-संध्याकाळ. तुरटी नाही, अत्तर नाही, झोंबणारं काहीच नाही. हे मलम पातळ लावा. नखं कापून टाका." घरच्या कोरफडीचा गर चालेल का, हे बायकोनं विचारलं. तो म्हणाला, लावून बघा, आग झाली तर धुऊन टाका.

 घरी दारात रिक्षातून उतरताना अण्णा म्हणाले, "म्हणजे आता मी सुतकात."

"फोड बसेपर्यंतच, अण्णा."

"माझंच सुतक मीच पाळायचं व्हय?"

मी म्हणालो, "तुमची होईपर्यंत मी पण करणार नाही." त्यांनी माझ्या गुळगुळीत गालाकडं पाहिलं. माझं प्रायश्चित्त त्यांना फारसं पटलं नसावं. पण मी शब्द पाळला. कारखान्यात दोघातिघांनी हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?" मी सांगायचो, कुणी नाही.

रोज संध्याकाळी ओसरीत खाट टाकून मी अण्णांना आडवं करायचो. धुतलेल्या धोतराचा पांढरा तुकडा माठातल्या पाण्यात बुडवून, पिळून, त्यांच्या तोंडावर पसरायचो. नाकापाशी तेवढी वाट ठेवायची. फडकं कोमट झालं की पुन्हा गार करायचं. कपाळापासून गळ्यापर्यंत गार लागलं की त्यांचा श्वास संथ व्हायचा. त्या वेळात मला कसलीही घाई नसायची. फोड सुकत चालले होते. बाप बरा होतो आहे याचा आनंद होता, आणि इतकं सोपं काम आधी का जमलं नाही याची लाजही.

अशाच एका संध्याकाळी लासूर स्टेशनचा आमचा एक लांबचा पाहुणा फाटकापर्यंत येऊन परत गेला. मला तो दिसलाच नाही, हे सगळं नंतर कळलं. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटत फिरत होता. त्याला दिसलं ते असं : खाटेवर पांढरं फडकं तोंडावर घेऊन अण्णा निश्चल पडलेले, आणि उशाशी दाढी वाढलेला मी, मान खाली घालून. हळदीकुंकू लावलेली पत्रिका घेऊन मयतीच्या घरात पाऊल टाकायचं नसतं. तो तसाच मागं फिरला, गंगापूरची गाडी धरली आणि भल्या सकाळी माझ्या काकांच्या दारात जाऊन म्हणाला, "थोरले गेले." आमचा फोन तेव्हा बंद पडलेला होता, म्हणून काकांनाही खातरजमा करता आली नाही.

दुपारी काळी-पिवळी जीप दाराशी थांबली. काकू फाटकातूनच हंबरडा फोडत आत आल्या. मागून काका, हातात भाकरीचं गाठोडं आणि पिठल्याचा डबा. मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेला. त्यांच्यामागं जीपभर भावकी. माझा सुट्टीचा दिवस होता, मी ओसरीत होतो. काका माझ्या गळ्यात पडले आणि म्हणाले, "माती झाली का रे? आमची वाट बी बघितली नाय?"

"कुणाची माती?"

आतल्या खोलीतून अण्णांचा घोळलेला आवाज आला, "कोण गेलं?"

काकूंचं रडणं अर्ध्यावर थांबलं. अण्णा बाजेवर टेकून बसले होते, मांडीवर ओलं फडकं. सगळे दारात गोळा झाले. कुणी हसलं नाही, कुणाला रडताही येईना. अण्णांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती काकांवर थांबली. काकांचा एक गाल गुळगुळीत होता आणि दुसऱ्यावर खुंट तसेच होते. निरोप आला तेव्हा ते दाढीला बसले होते. ऐकताच साबण पुसून उठले होते.

"अर्धाच मेलो व्हय तुझ्यासाठी?" अण्णा म्हणाले.

तेव्हा कुठं माणसं हसली. बायकोनं चहा टाकला. चहा पिता पिता काका जरा सावरले आणि त्यांच्यातला कर्ता माणूस जागा झाला. "दादा, आता राहू द्या की दाढी. या वयात कोण बघतं? पोराला बी कामाचा खोळंबा. बसायचं, खायचं, देवाचं नाव घ्यायचं."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली, कारण बसच्या घाईत नेमकं हेच माझ्या मनात कितीतरी वेळा येऊन गेलं होतं.

"बघितलंस ना," अण्णा काकांना म्हणाले, "चार दिवस दाढी नाय केली तर तुम्ही भाकरी घेऊन आलात. कायमची सोडली तर काय आणाल?" मग मला म्हणाले, "सामान आण. सगळ्यांसमोर कर."

फोड बसले होते. गळ्यावर तेवढे दोन-तीन ठिपके लाल होते. मी खुर्ची ओसरीत ठेवली. आधी कात्रीनं केस बारीक केले. कोमट पाण्याचं फडकं गालांवर धरून बसलो, काकू "झालं का" म्हणाल्या तरी उठलो नाही. भरपूर फेस केला. नवं पातं लावलं. वरून खाली, केस जातात तिकडंच, वजन न देता एकेकदाच हात. गळ्यावर जिथं लाल होतं तिथं पातं नेलंच नाही. खुंट राहिले. राहू दिले. मग गार पाणी, मऊ कापडानं नुसतं टिपणं, आणि कोरफडीचा गर. तुरटीकडं अण्णांनी आशेनं बघितलं. मी ती खिशात टाकली.

त्यांनी डाव्या तळव्यानं गाल चाचपला. गळ्यावर खरखर लागली.  काकांना म्हणाले, "बस. तुझी राहिलेली करून घे. तसा गंगापूरला गेलास तर लोक विचारतील."

काका बसले. त्यांची मी केली. मग दाढीच्या सामानातल्या आरशात बघून माझी.

जेवायची वेळ झाली होती. अण्णांनी गाठोड्याकडं बोट केलं. काकू कचरल्या, "नको दादा, ही भाकर तसली. कावळ्याला घालते."

"माझ्या नावाची हाय ना?" अण्णा म्हणाले. "मग मलाच वाढ."

त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, पिठलं मागून घेतलं आणि मिरची कमी पडली म्हणून काकूंना बोल लावला. ओढलेल्या ओठाच्या बाजूनं पिठलं हनुवटीवर ओघळलं. मी रुमाल पुढं केला.

"हळू," ते म्हणाले.

मी हळूच पुसलं.